लॅटिन काव्यातल्या नद्यांना खरंच राजकीय अर्थ असतो का?

असतो. पण तो पकडायला आधी आपली एक सवय सोडावी लागते. आपल्याला नदी म्हणजे ‘ती’, माय. लॅटिनमधल्या मोठ्या नद्या मात्र ‘तो’ आहेत: टायबर, नाईल, ऱ्हाईन हे पुरुषदेव, कुणाला शिंगं, कुणाच्या कपाळावर बोरू. रोमच्या विजययात्रेत जिंकलेल्या मुलखातल्या नद्यांच्या प्रतिमाही मिरवत. म्हणून कवीने नदीचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला काठावरचे लोक दिसायचे.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या आठव्या सर्गातलं. काव्याचा नायक, रोमनांचा पौराणिक पूर्वज ईनियस याच्या ढालीवर रोमचं भविष्य म्हणून सम्राट ऑगस्टसची ख्रि.पू. २९ ची विजययात्रा कोरलेली आहे. तिच्या शेवटी युफ्रेटिस येतो, ‘आता लाटा मवाळ झालेला’. खरं तर त्या काठावरच्या पार्थियनांना, म्हणजे रोमच्या पूर्वेकडच्या इराणी साम्राज्याला, रोमने जिंकलंच नव्हतं. ख्रि.पू. ५३ मध्ये त्यांनी रोमन सेनापती क्रॅससचं सैन्य कापून काढलं होतं आणि तेव्हा गेलेले ध्वज ख्रि.पू. २० मध्ये परत आले ते वाटाघाटींनी. जे रणात झालं नाही, ते कवितेत नदीकडून करून घेतलंय. पण लगेच दोन ओळींनी आर्मेनियातला अराक्सेस येतो: ‘पोन्तेम इन्दिग्नातुस’, पुलावर संतापलेला. पूल म्हणजे नदीच्या मानेवरचं जू. ते बसलंय, राग मात्र गेलेला नाही. सर्ग संपत आला असताना व्हर्जिल हा राग तसाच ठेवतो.

त्याच ढालीवर थोडं आधी ॲक्टियमची लढाई आहे, ऑगस्टसने अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांना हरवलं ती. क्लिओपात्रा हरून पळतेय आणि समोर अवाढव्य नाईल शोक करत उभा आहे. अंगावरचं वस्त्र पूर्ण उलगडून तो हरलेल्यांना आपल्या निळ्या कुशीत बोलावतो. पुरुषदेव असला तरी मला इथे ‘पदरात घेतो’ असंच म्हणावंसं वाटतं. ‘ईनिड’ला निव्वळ दरबारी प्रचार म्हणणाऱ्यांनी या तीन ओळी सावकाश वाचाव्यात. शत्रूच्या नदीचं दुःख त्यात किती आपुलकीने आलंय!

आता याच्याशेजारी शंभरेक वर्षांनंतरचा लॅटिन कवी स्टेशियस ठेवा. इ.स. ९५ मध्ये सम्राट डोमिशियनचा दक्षिण इटलीतल्या कँपेनियातला नवा रस्ता पूर्ण झाला, तिथल्या वोल्टर्नस नदीवर पूल आला. स्टेशियसच्या कवितेत हा वोल्टर्नस पाणगवतात गुंतलेले केस घेऊन वर येतो, पुलाच्या कमानीला टेकतो आणि घोगऱ्या घशाने सम्राटाचे आभार मानतो: मला काठात राहणं ठाऊक नव्हतं, तू मला सरळ पात्रात बांधलंस, यासाठी गुलामीही पत्करली.