करवत दात पाहून घ्यावी

या महिन्यात हातकरवतींविषयी मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांचे प्रश्न एकमेकांशी मिळतेजुळते होते, त्यांची उत्तरे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून घरातील लहानसहान सुतारकाम स्वतः करावे अशी इच्छा आहे. दुकानात अनेक प्रकारच्या करवती दाखवतात. एकच घ्यायची असेल तर कोणती घ्यावी? (उदगीर)

उत्तर : करवतीची लांबी, रंग आणि मूठ यांच्याआधी तिचे दात पाहावेत, कारण ती कोणत्या कामाची आहे हे दातांवरूनच कळते. एका इंचात किती दात आहेत ते मोजावे. ४ ते ७ दात असतील तर ती लाकूड उभे चिरण्यासाठी आहे, ८ ते १२ असतील तर आडवे कापण्यासाठी, आणि त्याहून बारीक दात असतील तर सांध्यांच्या नाजूक कामासाठी. घरगुती कामात आडवे काप अधिक असतात, म्हणून एकच घ्यायची असल्यास २० ते २२ इंच लांबीची, इंचाला ८ ते १० दातांची करवत घ्यावी. प्लायवूडही तिने बऱ्यापैकी कापता येते, मात्र कापाच्या रेघेवर आधी धारदार सुरीने खोल ओरखडा मारून घ्यावा, म्हणजे वरच्या थराच्या कपच्या निघत नाहीत. पुढे चौकटी किंवा स्टूल करण्याची हौस वाढली, तर पाठीवर पोलादी अथवा पितळी पट्टी असलेली १० ते १४ इंची करवत जोडीला घ्यावी. त्या पट्टीमुळे पातळ पाते लवत नाही आणि कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारे लाकडाचे टोक) मापात कापला जातो. परंतु पट्टीच्या खाली जेवढे पाते आहे तेवढाच खोल काप तिला घेता येतो.

दुकानातच पाते डोळ्यासमोर आडवे धरून त्याच्या कडेवरून नजर टाकावी. पाते सरळ दिसले पाहिजे, आणि हलकेच वाकवून सोडल्यावर ते पुन्हा पूर्ववत सरळ झाले पाहिजे. वाकलेले राहिले तर ती करवत कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मूठ हातात धरून तर्जनी पात्याच्या दिशेने बाहेर ठेवून पाहावी. उरलेली तीन बोटे मुठीत न आवळता बसली पाहिजेत.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या सागवानी फळ्या काढून त्यांचे कपाट करीत आहे. माझी करवत फळी आडवी कापताना उत्तम चालते, पण उभी चिरताना अडकते आणि रेघ सोडून भरकटते. दोष करवतीचा आहे की हाताचा? (किनवट)

उत्तर : आपल्या वर्णनावरून मुख्य दोष करवतीच्या निवडीचा दिसतो. लाकडाचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने गेलेले असतात. आडवा काप घेताना ते तंतू तोडावे लागतात, म्हणून त्या करवतीचे दात दोन्ही कडांनी तिरपे घासून टोकदार केलेले असतात. उभे चिरताना मात्र तंतूंच्या मधून वाट काढायची असते. त्यासाठी दात सरळ घासलेले आणि मोठे असतात व त्यांतील प्रत्येक दात लहानशा पटाशीप्रमाणे लाकडाचा कण खरवडून काढतो. बारीक दातांची करवत उभ्या कापाला लावली की दातांमधल्या खाचा भुशाने लगेच भरतात, करवत पुढे सरकत नाही, माणूस जोर लावतो आणि जोरामुळे पाते वाकडे धावते. म्हणून इंचाला ५-६ दातांची चिरण्याची करवत घ्यावी. कामाचा वेग किती बदलतो हे आपल्याला पहिल्याच फळीला जाणवेल.

दुसरे कारण दातांच्या वळणात असू शकते. करवतीचे दात एकाआड एक डावीकडे व उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडतो आणि पाते मोकळे चालते. हे वळण झिजले की करवत लाकडात आवळली जाते. एका बाजूचे वळण दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक राहिले, तर काप नेहमी त्याच बाजूला जातो. आपली करवत दरवेळी एकाच दिशेला भरकटत असेल, तर हाताला दोष देण्याआधी हे तपासावे.

हाताविषयीही थोडे लिहितो, कारण चांगली करवतसुद्धा चुकीच्या पवित्र्याने वाया जाते. खांदा, कोपर आणि पाते एका रेषेत असावे. उभ्या कापाला करवत फळीशी साधारण ६० अंशांत आणि आडव्या कापाला ४५ अंशांत धरावी. सुरुवात करताना अंगठ्याच्या पेराचा आधार देऊन दोन-तीन हलके ओढे मागे घ्यावेत, आणि खाच पडल्यावर पात्याची पूर्ण लांबी वापरीत संथपणे चालवावे. पाते रेघेवरून सरकू लागले तर मूठ पिरगळून ते परत आणण्याचा प्रयत्न करू नये. कोन कमी करून सावकाश कापावे, किंवा फळी उलटी करून दुसऱ्या बाजूच्या रेघेवरून काप घ्यावा. रेघ दोन्ही बाजूंना आखण्याचा कंटाळा करू नये तो याचसाठी. मागचा काप मिटू लागला तर त्यात लहानशी लाकडी पाचर बसवावी. पात्याला तेलाऐवजी मेण चोळावे, कारण तेलाचे डाग सागवानावर राहतात आणि पुढे पॉलिश धरत नाही.

सागात नैसर्गिकरीत्या सिलिका असते आणि तिने धार लवकर मरते, हे गृहीत धरूनच काम करावे. जुन्या वाड्याच्या लाकडात खिळ्यांची मोडकी टोके हमखास असतात. कापण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे. एका खिळ्याने चांगल्या करवतीचे दहा दात एका क्षणात जातात.

प्रश्न : मोसंबीची सल (वाळलेल्या काड्या) काढण्यासाठी आणि बांधावरील आंब्याच्या फांद्या छाटण्यासाठी सुताराची करवत वापरतो. ती ओल्या फांदीत रुतते आणि मोठी फांदी पडताना खोडाची साल सोलली जाते. काय करावे? (जालना)

उत्तर : सुताराची करवत वाळलेल्या लाकडासाठी केलेली असते. ओले लाकूड लवचिक असते, त्याचा भुसा चिकट असतो, आणि फांदीच्या वजनाने काप मिटत जातो. छाटणीच्या करवतीचे पाते बहुधा वक्र असते, दात मोठे असतात आणि ते मुठीकडे कललेले असल्याने करवत ओढताना कापते. ओढताना पाते ताणले जाते, वाकत नाही, म्हणून ते पातळ असले तरी चालते, आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणे सुरक्षितही असते. जमिनीवर बसून पायाने लाकूड धरणाऱ्या आपल्याकडील जुन्या सुतारांच्या करवतींचे दातही पुष्कळदा असेच मुठीकडे वळलेले असतात. मोसंबीच्या दाट झाडात शिरण्यासाठी घडीची लहान करवत सोयीची. आंब्यासाठी मोठी, वक्र पात्याची घ्यावी.

साल सोलली जाऊ नये यासाठी मोठी फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत घ्यावा. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे वरून घ्यावा. फांदी मोडून पडली तरी फाट खालच्या कापाशी थांबते. राहिलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर, सुरकुतलेला पट्टा असतो. त्याला धक्का न लावता, त्याच्या लगत बाहेरून कापावे. झाड जखम भरून काढते ते त्याच पट्ट्यातून. तो छाटला तर जखम वर्षानुवर्षे उघडी राहते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो; हे दोन्ही दोष आपल्या भागातील बागांमध्ये सर्रास दिसतात आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

मोठ्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी : १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये. डिंक्यासारखा (सालीतून डिंक गळण्याचा) रोग असलेल्या झाडावरून निरोगी झाडावर जाताना पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसावे.

प्रश्न : पूर्वी गावात करवतींना धार लावणारे कारागीर येत, आता कोणी येत नाही. घरी धार लावता येईल का? (अंबाजोगाई)

उत्तर : येईल, पण आधी करवत कोणती आहे ते पाहावे. दातांची टोके निळसर-काळी असतील तर ती उष्णतेने कठीण केलेली आहेत. त्यांच्यावरून कानस नुसती घसरते. अशी करवत बोथट झाली की बदलावीच लागते. ज्यांना वर्षभर लाकूडकाम करायचे आहे त्यांनी कानशीने धार लागणारी जुन्या पद्धतीची करवत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती महाग पडली तरी पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते.

पाते दोन लाकडी पट्ट्यांमध्ये, दात थोडेच वर राहतील असे, शिकंजात घट्ट आवळावे, नाहीतर ते थरथरते. प्रथम सपाट कानस सर्व दातांच्या टोकांवरून लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावी, म्हणजे उंचसखल दात एका पातळीत येतात आणि प्रत्येक टोकावर चकाकणारा ठिपका दिसतो. वळण कमी झाले असेल तर ते यानंतर द्यावे. फक्त दाताचा वरचा अर्धा भाग वाकवावा, मुळापासून वाकवल्यास दात तुटतो. मग तिधारी कानशीने एकाआड एक खाच घासावी, करवत फिरवून उरलेल्या खाचा दुसऱ्या बाजूने घासाव्यात, आणि तो ठिपका नाहीसा होताच थांबावे. चिरण्याच्या करवतीला कानस पात्याशी काटकोनात धरावी, आडव्या कापाच्या करवतीला ६० ते ६५ अंशांत. कानस पुढे जातानाच दाबावी, परत आणताना उचलावी.

प्रश्न : ठिबकचे पाइप आणि विहिरीवरचा लोखंडी पाइप कापण्यासाठी हॅक्सॉला कोणते पाते लावावे? (परभणी)

उत्तर : कापायच्या धातूच्या जाडीवर एकावेळी किमान तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात अडकून तुटतात. हॅक्सॉची पाती इंचाला १८, २४ व ३२ दातांची मिळतात. पातळ नळीला ३२, जाड भिंतीच्या पाइपला २४ आणि भरीव लोखंडाला १८ दातांचे पाते लावावे. पाते बसवताना दात मुठीपासून दूर, पुढच्या दिशेला असावेत आणि ताण पक्का द्यावा. पीव्हीसी पाइपला यांपैकी कोणतेही पाते चालते, परंतु कापल्यावर आतील कड कानशीने साफ करून, जोडण्यापूर्वी भुसा धुऊन टाकावा, कारण तोच भुसा पुढे ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. ठिबकच्या मऊ उपनळ्यांना हॅक्सॉ लावूच नये. त्या कात्रीने कापाव्यात.