आजूबाजूच्या सगळ्या मुलांना लस मिळाली असेल, तर माझ्या मुलाला न दिल्याने काय बिघडतं? सरकारने सरसकट लसीकरणाचा आग्रह का धरावा?

मी लसीकरण सत्रांवर परिचारिका म्हणून काम करते, म्हणून तुमच्या या प्रश्नाला उत्तर देताना गोवराचंच उदाहरण घेते.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. त्यामुळे ७ महिन्यांच्या बाळाला लस मिळालेली नसते आणि आईकडून आलेली प्रतिकारशक्तीही ओसरत आलेली असते. कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला तर ही लस देताच येत नाही. अशी मुलं आजूबाजूच्यांच्या भरवशावर असतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू २ तासांपर्यंत हवेत राहतो, म्हणून १०० पैकी साधारण ९५ जण तरी सुरक्षित असावे लागतात. तुमच्यासारखा विचार गल्लीत चार-पाच घरांनी केला की हा आकडा घसरलाच.

हे नुसतं कागदावरचं नाही. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं आणि २०२२च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या वस्त्यांत, गोवर भडकला. मुलं दगावली. उद्रेकाच्या भागात ६ महिन्यांपासूनच्या बाळांना जादा डोस द्यावा लागला.

मात्र सरसकट म्हणजे जबरदस्ती नव्हे, आणि जबरदस्तीला माझा विरोधच आहे. कोविड लसीच्या प्रकरणात मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, असंही बजावलं. ते मला फार मोलाचं वाटतं, कारण नकार बहुतेक वेळा भीतीपोटी येतो. "सिस्टर, मागच्या सुईला मांडीत गाठ आली, रात्रभर रडलं, सासूबाई आता नको म्हणतात." त्या आईला पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या) सुईआधीच सांगायला हवं होतं की ताप येऊ शकतो, गाठ येऊ शकते, गाठीवर काही चोळू नका, अंगावर पाजत राहा, तापाचं औषध किती द्यायचं ते विचारून घ्या. सुईनंतर अर्धा तास थांबवून घ्यायला हवं होतं. गर्दीत हे राहून जातं आणि पुढच्या तारखेला ती आई येत नाही. तिला दंडाची धमकी देऊन काय साधणार? आशाताई दोनदा घरी जाऊन सासूबाईंशी बोलली की बहुतेक वेळा काम होतं.

तुमच्या मुलाचा गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल तर सरकारी केंद्रात ५ वर्षांपर्यंत तो मोफत मिळतो. कार्ड हरवलं असलं तरी या.