'पार्ट मागवलाय' म्हणजे नेमकं काय

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुमची जुनी मर्सिडीज वर्कशॉपला देऊन साडेतीन महिने झाले, फोन केला की 'पार्ट मागवलाय' एवढंच उत्तर, आणि घरी बाबा रोज विचारतात. तुझा संताप रास्त आहे. पण तिथे भांडायला जाण्याआधी हे वाच.

सव्वीस वर्षं मी वर्कशॉपच्या काउंटरच्या पलीकडे बसून जॉब कार्डं, म्हणजे गाडीचं काय काम करायचं त्याचे कागद, लिहिली. 'पार्ट मागवलाय' हे मीही असंख्य वेळा बोललो, पण दर वेळी ते खरं असायचंच असं नाही. कधी ऑर्डर खरंच गेलेली असायची. कधी अ‍ॅडव्हान्स जमा झाला नाही म्हणून कागद स्टोअरमध्ये पडून असायचा. कधी बिघाड कुठे आहे हेच ठरलेलं नसायचं. गिऱ्हाइकाला मात्र तिन्ही वेळा तेच उत्तर. याची मला आज लाज वाटते. म्हणून सांगतो, 'गाडी कधी मिळेल' हे विचारू नकोस. 'काम नेमकं कुठे अडलंय' ते विचार, आणि उत्तर ईमेलवर घे.

आता तुझ्या गाडीबद्दल. सकाळी पुढची डावी बाजू बसलेली दिसायची, त्यांनी कंप्रेसर बदलला आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच, असं तू लिहिलंस. एअर सस्पेन्शनमध्ये, म्हणजे गाडी स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली असते तिथे, ही चूक फार जण करतात. चाकाजवळच्या उभ्या आधारात, म्हणजे स्ट्रटमध्ये, असलेल्या हवेच्या रबरी पिशवीला वय झालं की घडीवर बारीक चिरा पडतात. रात्रभर हवा झिरपते, सकाळी कंप्रेसर ती भरत बसतो, आणि असा अति राबून तो जळतो. जळलेला कंप्रेसर सगळ्यांना दिसतो, गळती दिसत नाही. नवा बसवला की तोही त्याच वाटेने जातो. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं: पिशवी, नळी आणि चाकांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक यांच्यावर मारायचं आणि बुडबुडे बघायचे. ही तपासणी झाली का, कुणी केली, काय निघालं, हे आधी विचार. झाली नसेल तर कुठला पार्ट मागवलाय त्यांनी?

झाली असेल तर पार्ट नंबर माग. मर्सिडीजचा नंबर म्हणजे इंग्रजी 'ए' आणि पुढे दहा आकडे. त्यातले पहिले तीन बहुतेक वेळा गाडीच्या मालिकेचे, तुझ्या गाडीचे २११. ही मालिका २००२ ते २००९ चालली, म्हणजे तुझ्या बाबांनी अगदी शेवटच्या वर्षातली गाडी घेतली. गाडी पुणे जिल्ह्यात जोडलेली असली तरी इतका जुना स्ट्रट इथे कुणी साठवून ठेवत नाही, तो जर्मनीहून येतो. समुद्राने येतोय की विमानाने, हेही विचार. त्यात आठवड्यांचा फरक पडतो. आणखी एक. कंपनी जुना नंबर बंद करून त्याच पार्टला नवा नंबर देते. जुन्याच नंबरवर शोधत राहिलं तर 'उपलब्ध नाही' असंच दिसणार. माझ्या हातून एका निवृत्त शिक्षकांची गाडी एवढ्याच कारणाने सात आठवडे उभी राहिली होती.

नंबर हातात आला की मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्ट्सवाल्यांकडे तूही चौकशी कर. मूळ स्ट्रट बनवणाऱ्या बिल्स्टीन कंपनीचा माल मर्सिडीजऐवजी बिल्स्टीनच्याच डब्यातही मिळतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांतून उतरवलेले पार्ट मिळतात. दाराचं हँडल, आरसा, सीटचा स्विच तिथून खुशाल घे. एअर स्ट्रट मात्र अजिबात नको, त्याचं रबर तुझ्याइतकंच जुनं असतं. इग्निशन स्विच किंवा स्टिअरिंग लॉकसारखी चावीशी बांधलेली इलेक्ट्रॉनिक्सही नको.

गाडी कुठे उभी आहे ते स्वतः जाऊन बघ. ती उघड्यावर असेल तर शेडखाली घ्यायला लाव. बसलेली गाडी तशीच ढकलू देऊ नकोस, पिशवी घडीवर फाटते. आधी जॅक लावून उचलायची. डिकीतल्या बॅटरीची वायर काढायला सांग. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघ, मुंबईत हे सर्रास होतं. ओडोमीटरचा फोटो काढ. विम्याची तारीख तपास: पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, मग गाडी वर्कशॉपमध्ये होती हे कारण चालत नाही.

आणि बाबांशी बोल. एकूण किती रुपयांपर्यंत जायचं ते दोघांनी आत्ताच ठरवा, आणि लेखी परवानगीशिवाय जास्तीचं काम नको असं जॉब कार्डवर लिहून घे. नंतर पार्ट सुटे झालेल्या गाडीसमोर उभं राहून हे ठरवता येत नाही, माणूस हो म्हणून मोकळा होतो.

एवढं करूनही दोन आठवड्यांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, ती वेळ येणार नाही असं मला वाटतं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरवर ओरडू नकोस. तो पगारी माणूस आहे, वर्कशॉप मॅनेजरला भेट.

शनिवारी जाणार असलास तर आदल्या रात्री फोन कर, मीही येतो. जॉब कार्डची प्रत आणि कंप्रेसरचं बिल बरोबर घे. काढलेला जुना कंप्रेसर त्यांनी टाकला नसेल तर तोही मागून घेऊ, मला तो बघायचा आहे.

तुझा,
काका