मुरब्बी म्हणजे बेरकी नव्हे

विचारणा अशी आहे: "इस्लामी शिक्षणविचारावरच्या एका व्याख्यानात ऐकलं की शिक्षक मुअल्लिम (शिकवणारा) तर असतोच, पण तो मुरब्बीही असावा लागतो. मराठीत मुरब्बी म्हणजे राजकारणात मुरलेला, कोणाच्या हाती न लागणारा माणूस. हा तोच शब्द का? आणि तालीम, तरबियत, तादीब या तिन्हींचा अर्थ 'शिक्षण' असेल तर तीन शब्द कशाला?"

हो, तोच शब्द. निवडणुका आल्या की वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांत चार पक्ष फिरून आलेला प्रत्येक जण 'मुरब्बी' ठरतो आणि दर वेळी वाईट वाटतं. इतक्या चांगल्या शब्दाची अशी नासाडी क्वचितच झाली असेल. त्यावर कोणीतरी ठामपणे सांगतं की मुरब्बी म्हणजे मुरलेला, 'मुरणे' या क्रियापदावरून आलेला. साफ चूक. मुरणे आपलं देशी क्रियापद आहे आणि मुरब्बी अरबी आहे. ध्वनी जुळले म्हणून नातं जुळत नाही.

अरबीत रे-बे-वाव या तीन अक्षरांचा धातू आहे. अर्थ वाढणे. मुद्दल वाढतं ते रिबा, म्हणजे व्याज. या धातूचं प्रयोजक रूप रब्बा, म्हणजे वाढवणे, लहानाचं मोठं करणे. त्याचं भाववाचक नाम तरबिया, फारसी-उर्दूच्या वाटेने तरबियत. वाढवणारा तो मुरब्बी. आणि वाढवला गेलेला? मुरब्बा! कर्तरी आणि कर्मणी, एवढाच फरक. अरबीत मुरब्बा हा शब्द सुसंस्कारित मुलाला लागतो आणि साखरेत घातलेल्या फळालाही. आज कैरो किंवा दमास्कसमध्ये अंजिराचा जॅम मागायचा झाला तर 'मुरब्बा'च म्हणावं लागतं. म्हणजे आपल्या फडताळातल्या बरणीतला मुरंबा आणि मध्ययुगीन इस्लामी विचारवंत गझालीच्या ग्रंथातली तरबियत ही एकाच क्रियापदाची लेकरं आहेत. शब्दांच्या मागे इतकी वर्षं हिंडतोय, पण याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या व्युत्पत्तीने दिलेला नाही.

आता 'मुरलेला आंबा तो मुरंबा' असं दर उन्हाळ्यात सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. अरबांनी कोणता आंबा मुरवला? त्यांच्या वैद्यकात मुरब्बा होतो तो आल्याचा आणि हिरड्याचा. उत्तर हिंदुस्थानात गाजराचा आणि आवळ्याचाही होतो. आंब्याचा या शब्दाशी जन्मापासूनचा काहीही संबंध नाही. तो संबंध मराठीने जोडला, आणि कसा जोडला ते पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे साखरांबा आहे, गुळांबा आहे. हे खरेखुरे सामासिक शब्द, साखर अधिक आंबा, गूळ अधिक आंबा. त्यांच्या शेजारी मुरब्बा येऊन बसला. कैऱ्यांच्या हंगामात, त्याच कढईत, त्याच बायकांच्या तोंडी. मग जोड 'ब्ब'चा 'म्ब' व्हायला कितीसा वेळ लागणार? मुरब्बाचा मुरंबा झाला आणि पुढे मोरंबा, मोरांबा. शब्दाच्या शेवटी लोकांना आंबा ऐकू यायला लागला. माझं मत असं की इथेच गंमत पुढे सरकली. शेवट आंबा असेल तर आधीचा 'मोर' ही पाकात घालण्याची कृती असणार, असं कानाने ठरवलं आणि आवळ्याचा केला तो मोरावळा! अरबी शब्द मधोमध फोडून त्याच्या अर्ध्या तुकड्याला मराठीने नवा अर्थ दिला. 'मोरावळा' हा 'मुरलेला आवळा' आहे असं म्हणणाऱ्यांनी सांगावं की मग मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याला 'मोरलिंबू' का म्हणत नाहीत. लोणचंही मुरतंच की. 'मोर' चिकटतो तो फक्त साखरेच्या पाकातल्या पदार्थाला, कारण तो मुरब्ब्याचा तुकडा आहे.

गुजराती माणसाने हा शब्द आपल्यापेक्षा नीट सांभाळला. वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना तो आजही 'मुरब्बी' असं आदराने लिहितो. तिथे त्याचा अर्थ आहे आधार देणारा, पाठीवर हात असलेला. मराठीतही 'मुरब्बी खेळाडू', 'मुरब्बी संपादक' असं कोणी लिहिलं तर मला चालतं, अनुभवाचा धागा तिथे शिल्लक आहे. बेरकीपणा मात्र कुठून आणला?

आता तरबियत. या शब्दावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला आणि त्यात माझी बाजू पक्की आहे. 1977 साली मक्केत मुस्लिम शिक्षणावर पहिली जागतिक परिषद भरली. मलेशियाचे तत्त्वज्ञ सय्यद मुहम्मद नकीब अल-अत्तास यांनी तिथे मांडलं, आणि पुढे पुस्तकातही लिहिलं, की शिक्षणासाठी तरबियत हा शब्द चुकीचा आहे. त्यांचा मुद्दा असा: तरबियत म्हणजे नुसतं वाढवणं, ती झाडांची होते, जनावरांचीही होते, माणसाच्या बुद्धीचं, विवेकाचं त्यात काही नाही. शिक्षण या अर्थी तरबियत ही अलीकडच्या आधुनिकतावाद्यांची टूम आहे. खरा शब्द तादीब, म्हणजे माणसात अदब रुजवणं.

अल-अत्तास यांची विद्वत्ता मोठी आहे आणि तादीबबद्दल ते जे म्हणतात ते सुंदर आहे. पण तरबियतीवर त्यांनी अन्याय केला आहे. 'अलीकडची टूम' म्हणावं तर अबू हामिद अल-गझाली (1058–1111) याचं काय करायचं? बगदादच्या निझामिया मदरशाचा हा प्रमुख अध्यापक. 1095 साली मानाचं पद सोडून निघून गेला. त्याने शिष्याला लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत साधकाला मुर्शिद, म्हणजे वाट दाखवणारा गुरू, हवा आणि तो मुरब्बी हवा असं म्हटलं आहे, आणि लगेच तरबियत म्हणजे काय तेही सांगितलं आहे: शेतकरी काटे उपटतो, पिकातलं परकं तण काढून टाकतो, म्हणजे पीक चांगलं येतं आणि त्याची वाढ पुरी होते, तसं हे काम आहे. इथे झाडाची उपमा आहे म्हणून बुद्धी वगळली असं म्हणता येईल का? गझालीला नेमकं तेच सांगायचं आहे. बी मुळात असतंच, मुरब्बी बी बनवत नाही. तो आड येणारं काढतो.

गझालीच्या आगेमागेचा कोशकार राघिब अल-इस्फहानी तर 'रब्ब' या ईश्वरवाचक शब्दाचा मूळ अर्थच तरबियत असा देतो: एखाद्या गोष्टीला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेत नेत पूर्णत्वाला पोचवणं. (रब्बचा धातू रे-बे-बे, शेजारचा, कोशकारांनी दोन्ही धातू एकमेकांत मिसळू दिले आहेत. दाट काढलेल्या फळाच्या रसाला अरबीत 'रुब्ब' म्हणतात तो याच शेजाऱ्याकडचा.) ज्या शब्दात राघिबला ईश्वराचं काम दिसलं, त्या शब्दात माणसाच्या शिक्षणाला जागा पुरत नाही, हे मला पटत नाही. कुराणात मूल आईबापांसाठी दया मागतं, 'त्यांनी मला लहानपणी वाढवलं तशी', तिथे हेच क्रियापद आहे. इजिप्तचा राजा फिरऔन मूसा पैगंबराला 'आम्हीच ना तुला लहानाचं मोठं केलं?' म्हणून सुनावतो तिथेही हेच आहे, हे मी मान्य करतो. पण जुलमी माणसाने एक शब्द वापरला म्हणून तो टाकायचा ठरवलं तर कोश रिकामा होईल.

आणि तहजीब? ज्या शब्दाला उर्दूवाले सभ्यतेचा कळस मानतात, त्याच्या मुळाशी झाडाची छाटणी आहे. मिस्कवैह या तत्त्वज्ञाने (मृत्यू 1030) नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाला 'तहजीब अल-अखलाक' असं नाव दिलं, म्हणजे शीलाची छाटणी. वाढवणं, खुरपणं, छाटणं! या परंपरेला शेतीचे शब्द कमी प्रतीचे कधीच वाटले नाहीत.

इतिहासकार इब्न खल्दूनचा (1332–1406) दाखला मात्र द्यायलाच हवा, कारण तो थेट आपल्या बेरकी मुरब्ब्यापाशी पोचतो. 'मुकद्दिमा' या त्याच्या ग्रंथात एक प्रकरण आहे: विद्यार्थ्यांशी कठोर वागण्याने त्यांचं नुकसान होतं. तो लिहितो, ज्याची वाढ जबरदस्तीत आणि दडपशाहीत झाली, त्याचं मन आक्रसतं, उत्साह जातो, तो आळशी होतो, खोटं बोलायला लागतो. हात उगारला जाईल या भीतीने मनात एक ठेवून बाहेर दुसरं दाखवतो आणि असा लबाडी आणि कपट शिकतो. तिथे 'वाढ' यासाठी शब्द आहे 'मरबा', पुन्हा त्याच रे-बे-वावचा. म्हणजे कपट हे बिघडलेल्या तरबियतीचं फळ आहे, आणि आपण कपटी माणसालाच मुरब्बी म्हणतो. ज्याने वाढवायचं त्याच्या नावावर आपण वाढ खुंटल्याचं लक्षण चिकटवलं.

तादीबबद्दल थोडक्यात. अदब हा शब्द मराठीने घेतला तो दरबारातून, म्हणून आपल्याकडे अदबीत मान खाली घालण्याचाच भाव उरला आणि बेअदबी झाली की शिक्षा. अरबीत अदब म्हणजे रीत, सुसंस्कार, साहित्यसुद्धा. त्याच धातूचा शब्द 'मादुबा', म्हणजे मेजवानी. इटालियन पंडित नल्लिनो यांचं म्हणणं वेगळं होतं: 'दअब' म्हणजे सवय, त्याचं अनेकवचन 'आदाब' आणि त्यावरून उलट्या दिशेने बनवलेलं एकवचन अदब. युक्ती हुशार आहे. पण इस्लामपूर्व कवी तरफा याच्या ओळीतला 'आदिब' ते कुठे बसवणार? 'हिवाळ्यात आम्ही सरसकट सगळ्यांना जेवायला बोलावतो. आमच्यातला आदिब निवडून बोलावत नाही.' इथे आदिब म्हणजे यजमान, पंगतीला बोलावणारा. हिवाळा म्हणजे वाळवंटातले टंचाईचे दिवस, आणि त्या दिवसांत कोणालाही न वगळणारा तो खरा अदबीचा माणूस. पैगंबरांचे सहकारी इब्न मसऊद यांच्याकडून आलेल्या वचनात कुराणाला 'ईश्वराने पृथ्वीवर मांडलेली मेजवानी' म्हटलं आहे आणि पुढे आज्ञा आहे, 'या मेजवानीतून शिका'. अल-अत्तास हाच धागा धरतात आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूला आहे.

राहिली तालीम. ती 'ताल'वरून आलेली नाही, मृदंगाशी तिचा संबंध नाही. ऐन-लाम-मीम, इल्मचा, म्हणजे ज्ञानाचा, धातू. मालूम, उलेमा, मुअल्लिम ही तिची भावंडं. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतली तालीम, नाटकाची रंगीत तालीम आणि 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी मांडलेली, झाकिर हुसेन यांच्या समितीने आखून दिलेली नई तालीम, तिन्ही एकच. मराठीने ज्ञानाचा शब्द आखाड्यात नेऊन त्याचा दर्जा उतरवला, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी पुन्हा राघिब वाचावा. तो म्हणतो, झटकन कळवणं म्हणजे 'इअलाम'. तालीम म्हणजे पुन्हा पुन्हा आणि पुष्कळ करणं, शिकणाऱ्याच्या मनावर ठसा उमटेपर्यंत. 'पुष्कळ'साठी त्याने वापरलेला शब्द 'तकसीर' हा कसरत ज्या अरबी शब्दावरून आली त्याच धातूचा आहे! आपल्या पैलवानांनी तालमीत कसरत ठेवली तेव्हा त्यांनी राघिबची व्याख्या न वाचता अचूक पाळली. इब्न खल्दूनही हेच सांगतो: कोणताही विषय तीन फेऱ्यांत शिकवावा, आधी ढोबळ रूपरेषा, मग खुलासे आणि मतभेद, मग एकही अवघड जागा न सोडता सगळं. त्याशिवाय 'मलका', म्हणजे अंगात भिनलेलं कसब, येत नाही. या फेरीला तो म्हणतो 'तकरार'. आपली तक्रार ती हीच, तेच तेच पुन्हा म्हणणं. देवबंदच्या परंपरेतल्या मदरशांत आजही विद्यार्थी तकरारीला बसतात, म्हणजे एक जण दिवसाचा धडा बाकीच्यांना पुन्हा समजावून सांगतो आणि बाकीचे त्याला अडवून शंका विचारतात.