डॉक्टर येण्याआधीचं तुझं मत

प्रिय बेटा,

नाईट संपवून एसटीत बसल्या बसल्या एनक्लेक्सचे, म्हणजे अमेरिकेच्या नर्सिंग परवाना परीक्षेचे प्रश्न सोडवतेस, तरी केस स्टडी आली की गुण जातात, असं तू लिहिलंस. आणि विचारलंस, आता आणखी कोणती प्रश्नपेढी घेऊ? सध्या कोणतीच घेऊ नकोस. तुला माहिती कमी पडत नाहीये. तू वॉर्डात रोज निर्णय घेतेस, पण तो तुझा निर्णय आहे हे कधी मोकळेपणानं म्हणत नाहीस. अडचण तिथे आहे.

आपल्याकडे सिस्टर घडवतातच तशी. पहिल्या वर्षापासून कानावर एकच वाक्य, "सर येतील, ते सांगतील." पण ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये तू एकटीच असतेस. बाळंतिणीचं गर्भाशय मऊ लागलं की तुझा हात आधी ते चोळायला जातो. ते उजवीकडे सरकलेलं दिसलं की तू लघवीची पिशवी भरली का ते बघतेस. केस पेपरवर मात्र उरतं इतकंच, 'डॉक्टरांना कळवले'. कळवण्याआधी तू काय ओळखलंस, ते कुठंच उमटत नाही. आणि एनक्लेक्सला हवं असतं ते नेमकं तेच.

एप्रिल २०२३ पासून ही परीक्षा नव्या रूपात आली. पाच तास, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, मागे वळून उत्तर बदलता येत नाही. त्यात गुणांसाठी धरलेल्या तीन केस स्टडी असतात आणि एकेका रुग्णावर सलग सहा प्रश्न. हे सहा प्रश्न म्हणजे नर्सच्या विचाराचा एक पूर्ण फेरा असतो. खुणा टिपायच्या, त्यांचा अर्थ लावायचा, सगळ्यात आधी कशाची भीती धरायची ते ठरवायचं, उपाय शोधायचे, कृती करायची आणि मग तिचा परिणाम तपासायचा. तू म्हणतेस तुझे गुण मधल्या प्रश्नांत जातात. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण आधी कशाची भीती धरायची, ती पायरी आपण सरांसाठी सोडून देतो.

सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजाराचा पेशंट घे. विदर्भात तुला तो शोधावा लागणार नाही आणि या परीक्षेलाही हा आजार चांगला ओळखीचा आहे. समज, सोळा वर्षांचा मुलगा हातपाय दुखतात म्हणून भरती आहे. सलाईन चालू, दुखणं कमी करायचं औषध चालू. तिसऱ्या दिवशी आई म्हणते, "सिस्टर, आज पोराचे पाय नाही दुखत, पण छातीत चमक मारते म्हणते." ताप १०१, श्वास २८, सॅच्युरेशन ९६ वरून ९१ वर. आता इथं थांब. सिकलसेलमध्ये दुखणारच, असं म्हणून वेदनेच्या रकान्यात एक आकडा लिहून पुढच्या खाटेकडे जाणं फार सोपं आहे. पण छातीतलं दुखणं, ताप आणि घसरलेला ऑक्सिजन एकत्र आले की त्यांचं बोट फुप्फुसाकडे असतं. अक्यूट चेस्ट सिंड्रोमची, म्हणजे सिकलसेलनं फुप्फुसावर आणलेल्या गंभीर संकटाची शंका पहिली आणि पायांचं दुखणं त्यानंतर. पाठ उंच कर, ऑक्सिजन लाव, डॉक्टरांना लगेच बोलाव, सलाईन किती गेलं ते बघ, कारण अशा वेळी जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरू शकतं. थोड्या वेळानं श्वास आणि सॅच्युरेशन पुन्हा मोज. पर्यायांत कुठं दुखऱ्या सांध्यावर बर्फ दिसला तर त्याला हात लावू नकोस. थंडीनं रक्तपेशी आणखी वाकड्या होतात, शेक गरमच हवा.

आता सराव. एक छोटी वही खिशात ठेव. हँडओव्हर झाला की एकच पेशंट निवड आणि डॉक्टरांचा राउंड यायच्या आत चार ओळी लिही: मला काय दिसलं, त्यातलं काय महत्त्वाचं, मला कशाची भीती वाटते, मी आधी काय करीन. ड्युटी संपताना खाली लिही, खरंच काय झालं. उत्तर चुकलं तर खोडू नकोस. कोणती खूण तुझ्या डोळ्यांसमोर असून तू मोजली नाहीस, ते त्याच्या शेजारी लिही. हे मी अगदी आग्रहानं सांगते, कारण प्रश्नपेढी खुणा वेचून तुझ्यापुढे मांडते आणि पेशंट तसं करत नाही.

मण्यारचा दंश आठव. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला गेलेला माणूस पहाटे येतो आणि म्हणतो, "पोट दुखून राहिलं जी." अंगावर दाताची खूण नाही, सूज नाही. तू विचारलंस की रात्री जमिनीवर झोपला होता, आणि मग तुला पापण्या जड दिसल्या, तर पोटदुखीच्या गोळीचा विचार तिथंच संपतो. श्वासावर लक्ष, सर्पविषावरचा उतारा, पुढे पाठवायची तयारी. परीक्षेत मण्यार येणार नाही, पण असं विचारायची सवय तुझ्याबरोबर येईल.

दोन गोष्टी मात्र इथल्या सवयीच्या उलट करायच्या. एक, उत्तरात 'रेफर', म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवणं, शोधू नकोस. त्या प्रश्नातल्या वॉर्डात ऑक्सिजन आहे, औषध आहे, माणसं आहेत. आपल्याकडे काय नसतं ते मनातून काढून मगच पर्याय वाच. दुसरी, 'डॉक्टरांना कळवा' हे पहिलं पाऊल आहे का ते दर वेळी तपास. नर्सनं स्वतः आत्ता करायचं काही बाकी असेल तर ते आधी. करून झालं असेल, किंवा तुझ्या हातात काही नसेल, तेव्हा कळवणंच बरोबर.

'लागू असलेले सगळे निवडा' या प्रश्नांत चुकीचा पर्याय निवडला की मिळालेला गुण कमी होतो, पण शून्याच्या खाली जात नाही. तेव्हा खात्री असलेलेच निवड, अंदाजानं खुणा वाढवू नकोस.

वहीत पेशंटचं नाव, गाव काही लिहायचं नाही, फक्त वय आणि तक्रार. पहिली पाच पानं भरली की फोटो काढून मला पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी असते, तेव्हा फोन कर. पानं समोर ठेवून बोलू.

तुझी,
मॅडम