दंड, व्याज, लेट फी : काय माफ होतं आणि काय नाही

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, पार्टनरशिप फर्म. फर्मच्या एफडीचं दोन लाख व्याज रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं, इन्कम टॅक्सने ते पकडून ऑर्डर काढली, ६२,४०० टॅक्स आणि वर व्याज, आणि सोबत कलम २७०ए ची (उत्पन्न कमी दाखवल्याच्या दंडाची) पेनल्टीची नोटीस. शेजारचे कारखानदार म्हणतात अपील ठोका. दंड माफ होऊ शकतो का?

उत्तर : काका, अपील ठोकायच्या आधी दोन मिनिटं थांबा, कारण अपील केलं की तुमचा सगळ्यात सोपा रस्ता बंद होतो. कलम २७०एए मध्ये पेनल्टीतून सूट मिळते, त्याला इम्युनिटी म्हणतात, पण अटी आहेत. टॅक्स आणि व्याज डिमांड नोटिशीत दिलेल्या मुदतीत भरायचं, त्या ऑर्डरवर अपील करायचं नाही, आणि फॉर्म ६८ भरून अर्ज करायचा. अर्जाची मुदत म्हणजे ऑर्डर ज्या महिन्यात मिळाली तो महिना संपल्यावर एक महिना. समजा ऑर्डर १२ ऑगस्टला हातात पडली तर ३० सप्टेंबरपर्यंत, पण टॅक्स भरायची मुदत त्याच्या आधीच संपते, बहुतेक लोक तिथंच घसरतात.

आता नोटीस नीट वाचा. अंडररिपोर्टिंग (उत्पन्न कमी दाखवलं) लिहिलंय की मिसरिपोर्टिंग (खोटी माहिती दिली किंवा दडवली)? पहिल्याला टॅक्सच्या ५० टक्के दंड, म्हणजे तुमच्या केसमध्ये ३१,२०० च्या आसपास. दुसऱ्याला २०० टक्के, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात, आणि मिसरिपोर्टिंगला या कलमात मुळात इम्युनिटी नव्हती. ऑफिसरने नक्की कोणतं ते लिहिलंच नसेल तर ते तुमच्या फायद्याचं आहे, दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकच्या केसमध्ये असंच म्हटलंय की नोटिशीत स्पष्ट नसेल तर त्या कारणावर इम्युनिटी नाकारता येत नाही. आणि अर्ज फेटाळायच्या आधी तुम्हाला बोलायची संधी द्यावीच लागते.

मुदत गेली असेल तर मग नोटिशीला उत्तर देऊन, एफडीचं व्याज २६एएस मध्ये (खात्याकडच्या टॅक्स कपातीच्या उताऱ्यात) दिसतच होतं, लपवायचा हेतू नव्हता, चूक अनवधानाने झाली असं कागदांसकट मांडायचं. त्यातून सुटालच असं मी म्हणणार नाही. दंड माफ करायच्या कलम २७३ए(१) चं नाव कोणी सुचवेल, पण त्यात मुळात खात्याने पकडायच्या आधी स्वतःहून कबूल केलेलं असावं लागतं आणि ती सवलत आयुष्यात एकदाच, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग नाही. (ही कलमं १९६१ च्या कायद्यातली, तुमचं वर्ष जुनं आहे म्हणून हेच नंबर. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून.)

प्रश्न : घरात शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते, ऑर्डरसाठी जीएसटी नंबर घेतला होता. वर्षभर बिलच फाडलं नाही म्हणून रिटर्न भरले नाहीत. आता लेट फी दाखवतंय. ऑफिसात जाऊन अर्ज दिला तर माफ करतील का?

उत्तर : ताई, नाही. रागावू नका, तिथला माणूस कितीही भला असला तरी त्याच्या हातात ते नाहीये, लेट फी पोर्टल आपोआप लावतं आणि ती सरकारच नोटिफिकेशन काढून माफ करू शकतं, कलम १२८ खाली, तेही जीएसटी कौन्सिलने सांगितल्यावर. मागं तशा सवलती आल्यात, पुढं येतील की नाही याच्या भरवशावर बसू नका. निल ३बी ला (काहीच व्यवहार नसलेलं दर महिन्याचं रिटर्न) दिवसाला २० रुपये, पण एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००, त्यामुळे बारा महिन्यांचे झाले तरी ३बी चे सहा हजार होतात, त्यावर चढत नाही. (जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, ते पण बाकी असेल, तेही भरा.) निल ३बी मोबाईलवरून १४४०९ ला मेसेज करूनही जातो, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. आणि तीन वर्षं उलटली की पोर्टल ते रिटर्न घेतच नाही. धंदा सुरू करायचा नसेल तर नंबर कॅन्सल करून टाका, त्यानंतर शेवटचं जीएसटीआर-१० भरायचं असतं, ते विसरलं की पुन्हा वेगळी लेट फी, काय सांगायचं!

प्रश्न : घरपट्टीवर शास्ती (उशिराचा दंड) मूळ रकमेपेक्षा जास्त झालीये. अभय योजनेची, म्हणजे दंडात सूट देणाऱ्या योजनेची, वाट बघू का?

उत्तर : शास्ती महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. योजना येते तेव्हा सूट शास्तीवर मिळते, मूळ करावर नाही. म्हणून निदान चालू वर्षाचं बिल तरी वेळेत भरा, त्यावर नवी शास्ती कशाला चढवून घ्यायची. जुनी थकबाकी असेल तर राष्ट्रीय लोक अदालतीच्या तारखेआधी महापालिकेच्या कर विभागात विचारून या, तिथं तडजोडीत सवलत आहे का, आणि असेल तर ती लेखी घ्या.