‘खुणा शिकवल्या, तर पोरगी बोलेल का?’

कर्णबधिर मुलांचे पालक शाळेविषयी विचारायला येतात, तेव्हा त्या प्रश्नामागे बहुधा एकच भीती असते: खुणांची भाषा शिकवली, की मूल बोलणारच नाही. गेल्या जूनमध्ये आलेल्या एका कुटुंबाची हकिगत त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी सात वर्षांची, गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली करून दुसरीत गेलेली. सोबत आई, वडील आणि आजी. दोन्ही कानांची श्रवणहानी 80 डेसिबलच्या आसपास, म्हणजे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने कर्णबधिरत्वासाठी ठरवलेल्या 70 डेसिबलच्या पलीकडची. आईने पिशवीतून वही काढली. अक्षर टपोरे, खाडाखोड कुठेही नाही. “बाईंनी ही वही सगळ्या वर्गाला दाखवली होती,” वडील म्हणाले. पाने उलटताना एका कोपऱ्यात चौकट करून लिहिलेले दिसले: ‘पुसू नये’. फळ्यावरची सूचनाही तिने तितक्याच मन लावून उतरवून घेतली होती. मी तिच्याच वहीतल्या ‘मांजर’ या शब्दावर बोट ठेवले आणि टेबलावरच्या चित्रांतून मांजर दाखवायला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे, आणि तो शब्द खाली पुन्हा सुबक लिहून दिला.

श्रवणयंत्राचे विचारल्यावर आजीने रुमालात गुंडाळलेली डबी पुढे केली. सेल संपलेला होता. कानातला साचा दोन वर्षांपूर्वीचा. कान वाढला, साचा तेवढाच राहिला, त्यामुळे यंत्र शिट्टी मारायचे आणि शाळेत ते काढूनच ठेवले जायचे. नवा साचा करून घ्यायला सांगितले आणि रोज सकाळची एक तपासणी शिकवली: आपले तोंड कागदाने झाकून ‘आ, ई, ऊ, म, स, श’ हे सहा आवाज एकेक करून काढायचे आणि आवाज आला, की मुलीने वाटीत मणी टाकायचा. कोणत्या आवाजाला मणी पडत नाही, हे यातून घरच्या घरी कळते.

‘खुणा शिकवल्या, तर पोरगी बोलेल का?’ हा आजीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. मी तिला एवढेच विचारले, की नातीशी ती बोलते कशी. उत्तरादाखल आजीने हवेत मिशी पिळली, म्हणजे आजोबा. मुठी आळीपाळीने खाली ओढल्या, म्हणजे दूध. खुणा घरात आधीपासून होत्याच. पण मिशी आणि दूध यांच्या जोरावर ‘मामा काल का आला नाही’ हे विचारता येत नाही. त्यासाठी व्याकरण असलेली भाषा लागते आणि भारतीय सांकेतिक भाषा तशी आहे. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2021 पर्यंत तिचा 10,000 शब्दांचा कोश तयार केला. मूल तोंडाने किती बोलेल, हे उरलेली श्रवणशक्ती, यंत्राचा नियमित वापर आणि सराव यांवर अवलंबून असते. खुणा त्याच्या आड येत नाहीत. सुरुवातीच्या काळात मीही पालकांना ‘हात वापरू देऊ नका’ असेच सांगत असे. त्या काळातली, दहाव्या वर्षीही आपले पोट नेमके कुठे दुखते हे सांगता न येणारी मुले मला अजून आठवतात.

राहिला शाळेचा प्रश्न. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान 40 टक्के, असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. पण विशेष शाळेची पाटी पाहून निर्णय घेऊ नका, असे मी त्यांना बजावले. काही शाळांत मुले मधल्या सुट्टीत एकमेकांशी झरझर खुणांनी बोलतात आणि तास सुरू झाला, की शिक्षकांच्या ओठांकडे पाहत गप्प बसतात. म्हणून वर्गात अर्धा तास मागे बसून पाहा, शिक्षकांच्या प्रश्नाला मुले उत्तर देतात का ते पाहा, असे सांगितले. दोन शाळा पाहून त्यांनी तालुक्याची निवडली. वसतिगृह वडिलांनी नाकारले. आजी रोज एसटीने नेते-आणते.

दिवाळीनंतर तिघी आल्या. बस वाटेत बंद पडल्याची गोष्ट मुलीने खुणांनी सांगितली, आजी मला ती उलगडून सांगत होती. एका खुणेला आजी चुकली, तेव्हा मुलीने तिची बोटे धरून सरळ केली. तोंडाने ती अजून दहाबारा शब्दच बोलते. त्यातला ‘बस’ मात्र आजीला पाठ वळलेली असतानाही कळतो.